सर्व्हर रूममधली निवांत बाई

“दोनदा केलं सर. तिसऱ्यांदा मी न्हाई करणार, मशीन करंल.”

असं म्हणून ती खुर्ची मागे सरकवायची, दोन्ही हात डोक्यामागे घ्यायची आणि पडद्यावर आपोआप पळणाऱ्या ओळींकडे बघत बसायची. पिकाला पाणी सोडून बांधावर टेकलेला माणूस बसतो ना, तशी. त्या बसण्याचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम त्यांच्याकडे बघून पळतं आणि आपल्याकडे बघून बसकण मारतं.

आमची शिक्षणसंस्था परभणीची; कॉलेजं जिल्हाभर. जिंतूर, झरी, पार राणीसावरगावपर्यंत. त्या सगळ्यांचे प्रवेश, फी, निकाल, हॉलतिकिटं परभणीतल्या एका थंडगार खोलीतून चालत. खोलीत दोन दणकट यंत्रं होती, म्हणजे सर्व्हर, आणि त्यांच्या पोटात बरीच आभासी यंत्रं, एकेका कामासाठी एकेक. दोन घरांत अनेक बिऱ्हाडं राहावीत तसा प्रकार. ही सगळी बिऱ्हाडं मी एकट्याने, हाताने थाटली होती. त्यांना नावंही मीच दिली होती, आपल्याकडच्या नद्यांची. पूर्णा, दुधना, करपरा.

लग्नाच्या पंगतीत असलो तरी मला फोन यायचा. “सर, दुधना बंद पडली, लवकर या.” मी हात धुऊन उठायचो. बायको चिडायची. मी वरवर वैतागायचो, पण आतून छाती फुगायची. आपल्यावाचून जिल्ह्याचं अडतं, ही काय साधी गोष्ट झाली?

मग ही आली. जिंतूरची. वडील शिक्षक, आई अंगणवाडीत. पुण्यात नोकरी करून, तिथला कंटाळा आला म्हणून परतलेली. दारावरच्या वॉचमनकाकांना रोज खणखणीत जयभीम घालायची, सगळ्यांच्या डब्यातलं खायची, मोठ्याने हसायची. पहिल्याच आठवड्यात माझ्यामागे येऊन उभी राहिली. झरीच्या कॉलेजसाठी मी नवीन यंत्र तयार करत होतो.

“हे तुमी दर वेळी असंच हातानं करायलात?”

“मग कसं करतात?”

ती शेजारी बसली. यंत्र कसं हवं, त्यात काय काय हवं, एवढंच तिने एका फाइलीत लिहिलं. आम्ही चहा घेऊन आलो तोवर यंत्र उभं. मग तिने तसलंच आणखी एक उभं केलं, पाडलं, पुन्हा उभं केलं. नुसती मौज म्हणून! ज्या कामात माझी अख्खी दुपार जायची, त्याच्याशी ती खेळत होती.

नद्यांची नावंही गेली. तिने यंत्रांना नंबर दिले.

“नाव ठेवलं की जीव लागतो सर. मग पाडायला हात उचलत न्हाई.”

“पूर्णेला हात लावायचा नाही,” मी म्हणालो. पूर्णेवर हॉलतिकिटं होती. ती माझी सगळ्यात जुनी. तिच्या खोडी फक्त मला माहीत.

तिने माझ्याकडे बघितलं. “बरं. ऱ्हाऊ द्या. तुमची हाय ती.”

हळूहळू माझा फोन थंडावला. काही बंदच पडत नव्हतं. पडलं तरी आपोआप सावरत होतं. जे थोडे फोन यायचे त्यांत झरीचे प्राचार्य विचारायचे, “मॅडम आहेत का?” मी म्हणायचो, “मी आहे ना.” ते म्हणायचे, “असू द्या, मॅडमला विचारतो.” आणि मॅडम? पाचच्या गाडीने जिंतूरला निघून गेलेल्या. शनिवारी तर फोन बंद करून चक्क झोपायची. मला तिच्या झोपेचाही हेवा वाटायचा.

एका मे महिन्यात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, खोलीत जळका वास आला. दोन दणकट यंत्रांपैकी एक गेलं होतं. ती जिंतूरला, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. खरं सांगतो, माझ्या अंगात वीज संचारली. आता आपली वेळ. तिला फोन लावला, तोही कळवायचं म्हणून.

“गेलं तर जाऊ द्या की,” ती म्हणाली. “दुसऱ्यावर उठतेत सगळे. बघत बसा नुसतं.”

आणि उठले! एकामागून एक, माझा हात लागला नाही. फक्त पूर्णा उठली नाही. ती या पोरीच्या व्यवस्थेत नव्हतीच. माहितीची रोजची प्रत शाबूत होती, पण ती ज्यात घालायची ते यंत्र नव्याने उभारायला हवं होतं. आणि ते कसं, ते फक्त माझ्या डोक्यात. घाबरल्यावर तेही सुचेना. तेवढ्यात राणीसावरगावच्या क्लार्कचा फोन. “सर, पोरं दारात उभी हायत. हॉलतिकीट निघंना.”

मी पुन्हा तिलाच फोन लावला. वडिलांपाशी आईला बसवून ती एसटीने आली. घामाने डबडबलेली. वाटलं, आता ऐकवणार. ती बाटलीभर पाणी प्यायली आणि तिने कीबोर्ड ओढला.

“तुमी सांगा, मी लिहिते. पहिल्यापासून. पहिल्यांदा काय केलं होतं?”

मी सांगत गेलो. कुठलं काय आधी घालायचं, कुठे थांबायचं, कुठल्या चुकीकडे दुर्लक्ष करायचं. तिने एकदाही मधे तोडलं नाही. उलट दोनदा म्हणाली, “लय भारी सर, हे मला सुचलं नसतं.” कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत मी कुणीतरी होतो. ती दुपार संपू नये, असं वाटत होतं.

उन्हं उतरायच्या आत पूर्णा उभी राहिली. राणीसावरगावला छपाई सुरू झाली. शेवटचं हॉलतिकीट निघाल्यावर तिने पूर्णा मुद्दाम पाडली, आणि नव्या फाइलीवरून ती पुन्हा आपोआप उभी राहिली. माझ्याकडे वळून, अगदी मनापासून हसत ती म्हणाली, “झालं! आता तुमची बी गरज न्हाई, सर. सुटलात.”

तिच्या तोंडून हा आशीर्वाद होता. मी उगाच कीबोर्ड पुसायला घेतला.

“लेकीकडं कधी गेला होतात?” तिने विचारलं. मला आठवेना. तिनेच मला रजा टाकायला लावली. नाशिकला नातवाबरोबर आठ दिवस काढले. फोन वाजला नाही. बायको म्हणाली, “त्या पोरीला एक चांगली साडी घेऊ.” मी साडी घेतली, पण बायको तिच्यासाठी रंग निवडत होती तेव्हाही मला हेवा वाटत होता. माझ्यासाठी इतका वेळ बायकोने कधी दुकान पालथं घातलं नव्हतं.

पुढे हैदराबादची मोठी नोकरी चालून आली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चाललं, तिसऱ्या दिवशीही. झरीच्या प्राचार्यांना ती गेल्याचं कळलंसुद्धा नाही. पूर्वी मी गेलो असतो तर जिल्हा बोंबलला असता, असं मनात येऊन बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. डब्याच्या वेळी खोलीत फक्त पंख्यांची घरघर. वॉचमनकाका दारातून डोकावायचे, तिची रिकामी खुर्ची बघायचे आणि परत जायचे.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. सहज केला म्हणाली. वडिलांना आता स्पष्ट दिसतं, पेपर वाचतात. बोलता बोलता तिची नजर बाजूला गेली. तिच्या मागे एक वयस्कर गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून, एक एक बटण शोधून दाबत होते.

“एक मिनिट हां सर,” म्हणाली, फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि त्यांच्याजवळ गेली.

ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. ते गृहस्थ आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, मग हसले. मी फोन धरून बसलो होतो. आयुष्यात कधी कुणाचा केला नसेल इतका हेवा मला त्या अनोळखी माणसाचा वाटला.

ती बराच वेळ परतली नाही. मी फोन ठेवला नाही.