लाईन कधी येते?

इंद्रभानांच्या गावाला इंग्रजीतला एकच शब्द पुरायचा. वीज म्हणजे लाईन, नळ म्हणजे लाईन, रेशनला उभं राहायचं ती लाईन, पोरींच्या मागे हिंडणाऱ्यांनी मारायची तीही लाईनच. आणि हाच टवाळ पुढे नोकरीला चिकटला, की आई पेढे वाटत सांगणार, "पोरगं लाईनीले लागलं बाप्पा!" या सगळ्या लाईनींपैकी विजेच्या लाईनीवर इंद्रभानांनी बत्तीस वर्षं काढली. लोणारच्या अलीकडल्या त्या गावात ते लाईनमन होते.

बाजारात, लग्नात, एकदा तर मयतीतसुद्धा लोकांनी त्यांना अडवून विचारलं होतं, "भाऊ, लाईन कधी येते?"

"येते पाच मिनटांत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

विमलबाई नवऱ्याला चिडवायच्या, "पाच मिनटं म्हणजे तुमाले बी माहीत नाई, असं सरळ सांगा ना लोकायले!"

इंद्रभान निवृत्त झाले आणि वर्षभरात विमलबाईंची फुप्फुसं थकली. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते लाईनीवर चालायचं.

परवा भरदुपारी लाईन गेली. इन्व्हर्टरनं दहा मिनिटांत मान टाकली. जोडीचा सिलिंडर भरायला मेहकरला गेलेला. अँब्युलन्सवाला म्हणाला, पाऊण तास लागेल. इंद्रभानांनी उपकेंद्रात फोन लावला. तिथला ऑपरेटर दीपक त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"काका, भागवतनं परमिट घेतलं. खांबावर हाये तो. फोन लागून नाई राह्यला त्याचा."

परमिट म्हणजे काय, हे इंद्रभानांना कुणी सांगायला नको होतं. खांबावर चढणारा लाईनमन आपल्या नावानं लाईन बंद करून घेतो, आणि खाली उतरून त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय ती सुरू करायची नाही. मग साहेब ओरडो की मंत्री. एकदा असंच दुसऱ्याच्या शब्दावर लाईन सुरू झाली होती, तेव्हा खांबावरून आपल्या जोडीदाराला इंद्रभानांनीच खाली उतरवलं होतं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराकडून त्यांनी हा नियम घोकून घेतला.

शेजारचे उकंडराव मोटारसायकल काढून भागवतला शोधायला गेले. पण तो कोणत्या शिवारात आहे, हेच कुणाला नक्की माहीत नव्हतं.

विमलबाईंचे ओठ काळेनिळे पडू लागले. इंद्रभानांनी पुन्हा फोन लावला.

दीपक रडकुंडीला आला होता. "काका, आतालोक उतरलाही असन तो. तुमी म्हणसान त देतो लाईन."

इंद्रभानांनी खाटेकडे पाहिलं. 'दे' म्हणायला कितीसा वेळ लागतो? शब्द जिभेवर आलाही होता. त्यांना नियमाचा राग आला, भागवतच्या फोनचा आला, स्वतःच्या बत्तीस वर्षांचा आला.

"नको देऊ," ते म्हणाले. "भागवतचा आवाज आल्याबिगर नको देऊ, बेटा."

फोन ठेवून ते खाटेवर बसले. विमलबाईंच्या पाठीला आधार देऊन पुठ्ठ्यानं वारा घालू लागले. वारा घालून काही होत नाही, हे त्यांना कळत होतं. हात थांबत नव्हता.

विमलबाईंनी त्यांचं मनगट धरलं. एकेक शब्द ओढत विचारलं, "लाईन... कधी येते?"

"येते," इंद्रभान म्हणाले, "पाच मिनटांत."

विमलबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. या खेपेला त्यांनी चिडवलं नाही.