हत्यार म्हणालो म्हणून

ओमानच्या सलालाहमधल्या बसच्या तिकिटांच्या दुकानदाराने मला फसवलं. परका नव्हे, आमच्याच रत्नागिरीकडचा. माझ्या गावाहून खाडी ओलांडली की त्याचं गाव. तो म्हणतो, फसवलं नाही, सांगायचं राहून गेलं. मी जन्मभर बाजारात उभा राहिलोय. राहून गेलेलं काय आणि गिळून टाकलेलं काय, हे मला समोरच्याच्या मानेवरून कळतं.

गोष्ट माझ्या अब्बांच्या कोयतीची आहे.

अब्बा लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. स्वतःचे माड चारच, तेही खाऱ्या वाऱ्याने वाकलेले. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि त्या आकडीत कोयती. चालताना ती आकडीवर आपटायची, खट, खट. आम्ही दोघं भाऊ ओटीवर बसलेले असायचो. पायवाटेवर माणूस दिसायच्या आधी तो आवाज यायचा आणि आई आतून म्हणायची, आले. कोयतीची मूठ सागाची होती. त्यांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे ती खोलगट झाली होती. त्या खळग्यात माझा अंगठा ठेवला की तो थोडा पुढे यायचा. धाकट्याचा बरोबर बसायचा.

अब्बा गेल्यावर कोयती मी घेतली. मोठा म्हणून. धाकटा तेव्हा शारजात होता, सुट्टी मिळाली नव्हती, मातीलाही पोचला नाही. मी ती जुन्या लुंगीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली, म्हणजे विमानाच्या पोटात जाते त्या. मुंबईच्या काउंटरवर मी आधीच सांगितलं, आत कोयती आहे. बाई म्हणाली, हातातल्या बॅगेत नाही ना, मग जाऊ दे. सलालाहला उतरल्यावर कस्टमवाल्याने गुंडाळलेली लुंगी उलगडली, पातं उलटसुलट करून बघितलं.

"हे काय?"

"नारजील," मी म्हटलं. नारळाला इथे हेच म्हणतात. हाताने शहाळं तासून दाखवलं.

तो हसला. "यल्ला, बाबा, जा."

मला तेव्हा वाटलं, हाच कायदा. खरं बोलायचं आणि पुढे जायचं. आणि या देशात तर पुरुषाच्या पोटावर खंजर म्हणजे इज्जत. लग्न असो, ईद असो, म्हातारे चांदीच्या म्यानाचा खंजर पुढे बांधून येतात, कुणाच्या भुवया वर जात नाहीत. माझे अब्बा मागे बांधायचे, हे पुढे बांधतात, मला एवढाच फरक दिसायचा. खंजरवाला म्हातारा टपरीवर शहाळं प्यायला थांबला की मी त्याच्या कमरेकडे बघायचो आणि कान उगाच तो खट आवाज शोधायचे.

मी इथे आलो तो रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळी तासायला. आज त्या टपऱ्यांना माल मी पुरवतो. बागवाल्यांशी घासाघीस करून, भांडून, दोनदा हाणामारीपर्यंत जाऊन इथवर आलोय. कोयती मात्र कामाला वापरली नाही. घरी भिंतीला टांगलेली असायची. खरीफचे महिने आले, म्हणजे इथला पावसाळा, आणि बागांवर भुरभुर सुरू झाली की मी तिला खोबरेल लावायचो. वर बघावं तर माड, खाली केळी, पपया. सगळं आपल्यासारखं. फक्त पायवाट कुणाच्या घराकडे जात नाही.

मग धाकट्याचा फोन आला.

"भाई, मी चाललो. कायमचा."

"म्हणजे? नोकरी गेली?"

"सोडली. अब्बांचे माड बघतो आता. कुणीतरी बघायला नको?"

"चार माडांवर पोट भरणार तू?"

"तू बारा महिने दुसऱ्यांच्या माडांवर भरतोस ना." तो हसला, मग म्हणाला, "भाई, कोयती दे मला. तुला ती भिंतीला लागते. मला कमरेला."

मी भडकलो. मोठा मी, मातीला मी होतो, खांदा मी दिला. बरंच बोललो.  शेवटी तो म्हणाला, "म्हणूनच दे. मला काहीच मिळालं नाही, भाई."  म्हटलं, आणतो.

त्याचं विमान शारजाहून, जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्यासमोर दोन रस्ते होते. कोयती मी स्वतः विमानाच्या पोटातून मुंबईला नेऊन घरी पोचवायची, हा माहितीतला. नाहीतर बसने सरहद्द ओलांडून त्याच्या हातात द्यायची. मला हात हवा होता. त्याचा अंगठा त्या खळग्यात बसताना मला बघायचं होतं. म्हणून तिकिटाच्या दुकानात गेलो.

"काय शेठ, आज बसने?" दुकानदार म्हणाला. "शहाळ्यांना पंख फुटले नाहीत वाटतं अजून!"

"गप रे. एक सांग. माझ्याकडे अब्बांची कोयती आहे. सरहद्दीवर अडवतील?"

"कोयती?" त्याने कॉम्प्युटरवरून नजर काढली नाही. "डिकीत टाक बॅग. कोण विचारतंय. इकडेही अरब, तिकडेही अरब."

"नक्की? नाहीतर मी विमानाने जातो."

"मेल्या, तुझ्याशी खोटं बोलेन मी? तुझ्या-माझ्या गावात एक खाडी आहे फक्त."

बसमध्ये एकच जागा उरली होती, ती त्याने मला विकली.

रात्रभर वाळवंट. दुपारी सरहद्द. सगळ्यांना उतरवलं, बॅगा पट्ट्यावरून यंत्रात गेल्या. माझी बॅग पलीकडे बाजूला ठेवली गेली. अधिकारी तरुण होता, इस्त्री केलेला, आवाज चढवत नव्हता. त्याच्याशेजारी बॅगा उचलणारा एक पठाण, तोच भाषा जुळवायचा. त्याने बॅगेतली लुंगी उलगडली.

"ये क्या है?" पठाणाने विचारलं.

"हथियार है," मी म्हटलं. "मेरे अब्बा का."

आपल्याकडे सुताराची हत्यारं असतात, गवंड्याची असतात, न्हावी आपलं हत्यार दगडावर लावतो. माणूस कामाला निघतो तेव्हा आई विचारते, हत्यार घेतलंस का. माझ्या तोंडून तेच गेलं, फक्त हिंदीत. पठाणाने माझ्याकडे बघितलं, अधिकाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सिलाह."

सिलाह म्हणजे बंदुका, तलवारी. एवढी अरबी मला येते. अधिकाऱ्याने कोयती हळूच माझ्यापासून लांब सरकवली.

"ला, ला! नाही! नारजील! नारळाची आहे!" मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण माझा आवाज तसाच आहे.

त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर वाळू आणि उभे ट्रक. "इथे नारजील कुठे आहे?"

त्याने शांतपणे समजावलं. ओमानमध्ये काय चालतं ते ओमानमध्ये. इकडे आला की इकडचा कायदा. धारदार वस्तू जवळ असेल तर ती कशाला, हे विचारणार. बागेत काम करायला चालला आहेस? नाही. दुकानात विकायला? नाही. मग? आता मी त्याला काय सांगणार होतो? माझ्या भावाचा अंगठा बरोबर बसतो म्हणून?

मी सौदा सुरू केला. मला तेवढंच येतं. म्हटलं, मूठ काढून देतो, पातं ठेवा. नाही. पातं बोथट करा. नाही. इथे ठेवा, परवा परत जाताना नेतो. आमच्याकडे ठेवायची सोय नाही. ड्रायव्हरला म्हटलं, तू परत घेऊन जा. तो म्हणाला, "चाचा, मेरे पे केस बनेगा."

शेवटी अधिकारी म्हणाला, तुला हवं तर कोयती घेऊन ओमानला परत जा, मी अडवत नाही. नाहीतर ती सोड आणि पुढे जा. ठरव, बस थांबली आहे.

परतीची बस दुसऱ्या दिवशी होती आणि धाकट्याचं विमानही दुसऱ्याच दिवशी. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी मुठीच्या खळग्यात अंगठा ठेवला. थोडा पुढे आला, नेहमीसारखा. मग सोडली. भिंतीलगत एक मोठी पेटी होती, तीत कात्र्या, भाजीच्या सुऱ्या, एक बकऱ्याचा सुरा. आत पडताना ती खट वाजली नाही, भांडं पडल्यासारखी वाजली.

शारजात धाकटा बसथांब्यावर उभा होता. गळाभेट झाली. मग त्याने माझ्या हातांकडे बघितलं, नंतर बॅगेकडे.

"सरहद्दीवर राहिली," मी म्हटलं.

"राहू दे, भाई," तो म्हणाला. "चहा घेऊ." त्यानंतर विमानतळापर्यंत त्याने कोयतीचं नाव काढलं नाही. रडला असता, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परत आल्यावर मी भेटेल त्याला विचारत सुटलो. वकील नाही मी, पण एवढं कळलं की कुणीही नुसती वस्तू बघत नाही. ती तुझ्याजवळ, या जागी, आत्ता का आहे, हे विचारतात, आणि प्रत्येक देशाला पटणारं उत्तर वेगळं. इथे नारजील पुरतं, तिथे पुरत नाही. बॅगेच्या तळाशी चालतं ते हातात चालत नाही. निघण्याआधी माहीतगाराला विचारावं, सगळे हेच म्हणाले. मी विचारलं होतं की!

म्हणून त्या दुकानात गेलो. भांडायचंच होतं. काउंटरवर माझ्याआधी एक ओमानी म्हातारा होता, पोटावर खंजर, दुबईला मुलीकडे निघालेला. आमचा माणूस त्याला अदबीने अरबीत सांगत होता, "बाबा, खंजर घरी ठेवून जा. सरहद्दीवर विचारपूस करतात, उगाच तुम्हाला त्रास."

मी दारातच थांबलो. म्हातारा निघून गेला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

त्याची मान खाली गेली. "अरे, ते गिऱ्हाईक मोठं. आणि तू तर कोयती म्हणालास, मला वाटलं स्वयंपाकाची असेल."

"कोकणातल्या माणसाला कोयती म्हणजे काय ते सांगायचं मी?"

"राहून गेलं रे, शेठ. बस भरायची होती."

ओरडलो, काउंटरवर हात आपटला, बाजूच्या शिंप्याने मला बाहेर काढलं. तेव्हापासून दुकानदार मला बघून शटर अर्धं खाली घेतो. तिकडे माझा भाऊ बाजारातून आणलेली प्लॅस्टिकच्या मुठीची कोयती कमरेला लावून अब्बांच्या माडांवर चढतो. फोनवर मी विचारतो, कशी आहे? तो म्हणतो, कापते.

त्या अर्ध्या शटरखालून मला त्याला एवढंच म्हणायचंय: मला तुझी माफी नको आणि तिकिटाचे पैसेही परत नकोत. धाकट्याचा नंबर माझ्याकडे आहे. माझ्यासमोर फोन लाव आणि त्याला तुझ्या तोंडाने सांग: म्हाताऱ्याला सांगितलंस ते मला का नाही सांगितलंस? बोल. तो ऐकतोय.