आठ बेअरिंगं आणि पापनाशमची मोटार

दुरुस्तीच्या दुकानात एक गंमत असते. वस्तू उघडावी, साफ करावी, पुन्हा जोडावी, की एखादा स्क्रू हमखास उरतो. तसाच एखादा किस्साही उरतो. स्क्रू आम्ही डब्यात टाकतो. किस्से माझ्याकडे साचलेत. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून काढतो.

आमचं दुकान तंजावरला, किल्ल्याच्या खंदकाजवळ. मालक रावजी, विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करणारा नटेशन आणि मी, माधव. मी आठवीत शाळा सोडली. आता दुकानात जे जे फिरतं, त्याचं बेअरिंग माझ्याकडे.

*

एका वकिलांचा टेबल फॅन भयंकर खडखडायचा. मी बेअरिंग बदललं. दोन दिवसांनी वकील पंखा काखेत मारून हजर!

"काय करून ठेवलंस रे हे?"

"आवाज येतोय?" मी घाबरत विचारलं.

"येत नाही, तेच तर! आतल्या पक्षकाराशी बोललेलं सगळं बाहेरच्यांना ऐकू जातंय!"

रावजी गंभीरपणे म्हणाले, "माधू, साहेबांचा खडखडाट साहेबांना परत दे."

*

नटेशनने घरून इडलीपात्राची एक ताटली आणली होती. बेअरिंगमधल्या बारीक गोळ्या धुऊन तो मापाप्रमाणे तिच्या खळग्यांत ठेवायचा. एकदा घरी पाहुणे आले, तेव्हा त्याची बायको तरातरा आली आणि ताटली रिकामी करून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रावजींनी नटेशनच्या डब्यातली इडली तोंडात टाकली. टक्!

आम्ही दोघे गार! रावजींनी गोळी बाहेर काढली, धोतराला पुसली, माप घ्यायला कॅलिपर लावला.

"अय्यो, हीच! काल दिवसभर हिलाच शोधत होतो!"

मग त्यांनी उरलेल्या इडल्या चुरून पाहिल्या. आणखी दोन सापडल्या.

*

तंजावरजवळच्या पापनाशमचे व्यंकोजीमामा सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं, कमळाचं स्थळ मला सांगून आलं होतं. तिला मी तिरुवैयारूच्या एका लग्नात लांबून पाहिलं होतं. दुसरी मुलगी दाखवू नकोस, असं त्या दिवसापासून आईला सांगायचं होतं. धीर झाला नव्हता.

मामा थेट दुकानात आले. "शिकला नाहीस म्हणतात. मग तुला मार्क काय विचारू? हे करून दाखव."

टेबलावर त्यांनी खेळण्यातली मोटार ठेवली. पेनांगहून त्यांच्या भावाने पाठवलेली, बॅटरीवर चालणारी. मागे लांब वायर, वायरीच्या टोकाला डबी, डबीवर दोन बटणं : एक पुढे, एक मागे. चाकांतले पितळी बुश, म्हणजे आसावरच्या कड्या, झिजले होते. गाडी चार पावलं जायची आणि बसायची.

"हिला बॉल बेअरिंग बसव. शुक्रवारी मुलगी बघायला येशील तेव्हा घेऊन ये. चालली, तर पुढचं बोलू."

*

एवढी बारीक बेअरिंगं आणायची कुठून? रावजींनी लढाईच्या काळातलं विमानाचं एक मोडकं यंत्र भंगारातून आणून ठेवलं होतं. त्याच्या पोटात सापडली. वंगण म्हणून एरंडेल घाल, असं म्हणत नटेशन बाटली घेऊन मागे लागला होता. मी केरोसीनमध्ये धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला.

तिसरं चाक बसवत असताना मामा अचानक आले, स्टुलावर बसले. "घरी किती जण तुम्ही?"

माझं डोकं चाकात. "आठ. प्रत्येक चाकाला दोन."

मामांनी बोटांवर मोजून पाहिलं. "सगळे एकत्रच?"

"दाबून बसवलीत. हलायची नाहीत."

*

शुक्रवारी आई, रावजी आणि मी पापनाशमला गेलो. कमळा आत स्वयंपाकघरात कॉफी करत होती. मामांच्या घरी लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन. धुतल्यावर पाणी मागे निघून जावं म्हणून स्वयंपाकघराकडे उतार दिलेला, तोही मामांनी स्वतः मोजून. मी मात्र गाडी दुकानातल्या सपाट टेबलावर तपासली होती!

मामांनी जुन्या सवयीने बटण जोरात दाबलं. गाडी सुटली. वायर ताणली, डबी मामांच्या हातातून निसटली. बटण सुटलं म्हणजे मोटर बंद. पण चाकं कुठली थांबताहेत! डबी फरफटवत गाडी पडद्याखालून स्वयंपाकघरात गेली. आत काहीतरी धाडकन पडलं.

आईने डोळे मिटले. रावजी कुजबुजले, "थांबायचं काही बसवलं नाहीस?"

"ते सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

मामा एकटक आपल्या उताराकडे बघत होते. झालं, सगळं संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात आतून घर्रर्र आवाज आला. पडदा हलला. गाडी चढावरून हळूहळू वर येत होती. तोंड आमच्याकडे, वायर मागे पडद्याआड. टपावर कॉफीचा पेला, काठोकाठ भरलेला. एक थेंब सांडला नव्हता.

गाडी वरच्या सपाटीवर आमच्यासमोर येऊन थांबली. मामांनी हात पुढे केला. गाडी चार बोटं मागे सरकली.

मी हात पुढे केला. गाडी पुढे आली.