अण्णांनी फोडलेलं पेडल

कुणी गाडीचा फुटका भाग घेऊन आला की अण्णा आधी स्वयंपाकघरातून चमचा मागवायचे. भाग दोरीला टांगून चमच्याने वाजवायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. आवाज घुमला तर धातू निरोगी. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा. "दिसतो तिथं तडा संपत नाय," ते म्हणत. "पुढं चोरून गेलेला असतो."

अण्णा मूळचे सायखेड्याचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून वेल्डर म्हणून निवृत्त झाले आणि नाशिकरोडला आमच्या शेजारी राहायला आले. बाजारातून कधीच गेलेल्या मोटरसायकलींचे फुटके भाग ते मागच्या गॅलरीत बसून सांधत. इंजिनचं कव्हर असेल तर आधी गॅसवर तापवून त्यात मुरलेलं तेल घालवायचं, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून त्याची वाट अडवायची, मगच वेल्डिंग. एकेका कव्हरला तीन-तीन दिवस. "आमच्या पोळ्यांना इंजिनचा वास येतो," काकू कुरकुरायच्या आणि पुढचं कव्हर आलं की स्वतःच गॅसवरचा कुकर उतरवायच्या.

अशा हळुवार हाताच्या माणसाने माझं पेडल का फोडलं, याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही.

माझ्याकडे माझ्याहून वयाने मोठी मोटरसायकल आहे. तिच्या ब्रेकच्या पेडलला तडा गेला. दोन वर्षं शोधूनही दुसरं मिळेना, म्हणून ते अण्णांकडे दिलं. त्यांनी ते वाजवलं, ऐकलं, अंगणात नेलं, दगडावर ठेवलं आणि हातोडा घालून त्याचे दोन तुकडे केले.

"अण्णा, काय केलंत हे!"

"ब्रेकचं काम मी करत नाय. कव्हर फुटलं तर तेल सांडतं. हे तुटलं तर माणूस सांडतो."

"मग तसंच परत द्यायचं होतं!"

"अख्खं दिलं असतं तर तू दुसरीकडून जोडून घेतलं असतं."

मी तेच केलं. तुकडे उचलले आणि दुसऱ्या दिवशी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये जोडून घेतले. तिथला कारागीर म्हणाला, "बरं झालं पूर्ण तुटलं. आतपर्यंत वेल्डिंग भरता आलं. नुसत्या तड्यावर वरवरचंच काम झालं असतं." मी रागात होतो, ऐकलं आणि सोडून दिलं. अण्णांशी बोलणं मात्र बंद केलं.

पुढे अण्णांचे गुडघे गेले. मुलीकडे धुळ्याला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या फाटकाशी आले.

"ब्रेक लागतो का?"

"नवं पेडल मिळालं," मी खोटं बोललो.

गाडी तिथेच उभी होती. फाटक धरून ते कसेबसे तिच्याजवळ खाली बसले. पेडलच्या खालून अंगठा फिरवला. वर रंग होता, तरी अंगठा सांध्यावर थांबला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"कुठं केलं?"

"सातपूरला."

"लय चांगलं केलंय." मग त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे मी फोडलं ते चुकलंच का रे?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. कारागिराचं बोलणं मला तेव्हा सांगता आलं असतं; सुचलंच नाही. मी नुसता हात देऊन त्यांना उठवलं. ते खांद्यावर थोपटून गेले.

वर्षभरात अण्णा धुळ्यालाच वारले. मी ते जोडून घेणारच आणि पूर्ण तुटलं तरच सांधा पक्का होईल, हे त्यांना माहीत होतं का? की नुसत्या भीतीने हातोडा घातला? की ते खरंच चुकले होते? कधी एक वाटतं, कधी दुसरं. पेडल अजून शाबूत आहे. रोज गाडी चालवतो.

माझी मुलगी म्हणते, "बाबा, मागे बसू?" मी नाही म्हणतो.

"ब्रेक तर चांगला आहे ना?"

"आहे," मी म्हणतो आणि तिला रिक्षा करून देतो.