उघाडीवरचा माणूस

नव्वदच्या दशकात नोकरीने मला पेण ते रोहा या पट्ट्यात भरपूर हिंडवलं. पेण मला आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसायची आणि नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. रोह्यात नदीकाठी बरी खोली मिळाली होती, ती घरमालकाने मुलाच्या लग्नासाठी काढून घेतली. मी धाटावला एका कंपनीत कामगारभरतीचं काम पाहत होतो. मग कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात पडवीची खोली घेतली. रोज गाडीने रोहा, तिथून बसने धाटाव.

नवा घरमालक गावाच्या उघाडीवर होता. खाडीच्या बांधाला पाण्यासाठी ठेवलेलं दार म्हणजे उघाडी. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला त्यानेच शिकवलं. तिथी मात्र तो कागदावर बघत नसे. अमावास्येपासून रोज झोपून उठला की मनात एक तिथी पुढे सरकवायची, त्याचा बापही तसंच करी. अख्ख्या गावाचं भात त्या मोजणीवर उभं होतं.

हे सगळं माहीत असताना मी त्याला कंपनीत लावला. उपकार केल्याच्या थाटात. माझ्याकडे माणसं कमी पडत होती, हे खरं कारण होतं.

भाद्रपदात त्याला रात्रपाळी लागली. तो सकाळी येऊन झोपायचा, दुपारी उठून दोन घास खायचा, पुन्हा आडवा व्हायचा आणि संध्याकाळी कामावर निघायचा. आभाळ गच्च, चंद्र दिसेना. एका दिवसात दोनदा उठणारा हा माणूस दोन वेळा एका दिवसाचे दोन मोजून बसला. एका सुट्टीच्या दुपारी त्याने फळ्या काढल्या. "पुनव हाय, सांजंपर्यंत टायम हाय," असं मला सांगून तो झोपला. त्या दिवशी त्रयोदशी होती. मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो, माझ्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि मी मान वळवून पाहिलं नाही.

भरती दीड तास आधी आली. बायका ओरडत आल्या तेव्हा तो उठून धावला, पण पाण्याच्या जोराने फळी खाचेत बसेना. गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून तो फळी दाबत होता. पुरुषांनी त्याला ओढून काढलं तेव्हा पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यात बुडालेलं होतं. चार दिवसांत ते करपलं. जमिनीत उतरलेला खार धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात.

देवळात बैठक बसली. मला वाटलं, त्याला मारतील. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. उघाडी तेवढी दुसऱ्याकडे दिली. त्याची बायको चुलीपाशी बसून म्हणाली, "सासऱ्याच्या हातानं कंदी चूक झाली नाय." मला तिच्याकडे बघवेना. चूक माझी होती, हे मी बैठकीत बोललो नाही. आजही त्याची लाज वाटते.

त्या आठवड्यात एका सकाळी पडवीसमोर माणसं उभी राहिली. ज्यांची शेतं गेली तीच, इस्त्रीचे शर्ट घालून. पुढे माझा घरमालक. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, यांना पण लावून घ्या. शिफ्ट कंची बी चालंल."

कंपनीला तेव्हाही माणसं हवीच होती. मी वही काढली आणि एकेकाला नाव विचारत गेलो.