शनिवारचा पापुद्रा

चारुलताला नाही म्हणता येत नाही, हे देवासच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी बोलवा, येईल. दुसऱ्याचं काम गळ्यात घाला, करील. एकाच बाबतीत बाई अडून बसायची: बशीतल्या पेशींची घाई ती कुणाला करू देत नसे.

काम होतंच तसं. रुग्णाच्या गालाच्या आतून चिमूटभर कातडं काढायचं आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या. बशीच्या तळाला विरघळणारा पातळ लेप. पेशी वाढून एकमेकींना बिलगल्या, की लेप हळूहळू विरघळतो आणि अख्खा पापुद्रा आपणहून सुटतो. तो डॉक्टर भाजलेल्या डोळ्यावर बसवतात. ओढून काढला, तर दुधावरच्या सायीसारखा फाटतो. "लेपाला त्याचा वेळ घेऊ द्या," असं ती डॉक्टरांनाही सुनवायची.

मग आले धारचे खंडोजीराव. डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उजव्यात घराच्या सफेदीसाठी चुना भिजवताना चुना उडाला. चारुलताचे वडील त्यांच्या देवघरात तीस वर्षं पूजेला होते. हिंदी शाळेत जाणाऱ्या चारूला ओसरीवर बसवून मराठी वाचायला शिकवलं, ते याच खंडोजीरावांनी, तिच्या काकासाहेबांनी. आता ते म्हणाले, "चारू, मला फक्त छापील अक्षर दिसू दे, बाळ. बाकीचं जग पाहून झालंय."

त्यांच्या गालातल्या पेशींचा पापुद्रा सोमवारी सुटणार होता. गुरुवारी त्यांच्या सुनेचा, राजनंदिनीचा फोन आला. "चारूताई, संडेपासून पितृपक्ष लागतोय. आमच्याकडे त्यात नवं काही करत नाहीत, पता है ना? शनिवारी हो जाए तो देखो ना."

बिचारीने विनंतीच केली होती. पण त्या घराला नाही म्हणायची सवय चारुलताच्या घरात कुणालाच नव्हती. "हो, वहिनीसाहेब," ती म्हणून गेली. डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, "दोन दिवस आधी? तयार होईल?" त्यांनाही ती हो म्हणाली.

शनिवारी सकाळी पापुद्रा बराचसा सुटला होता, पण एक कड अजून तळाला घट्ट चिकटलेली. तिकडे खंडोजीराव उपाशीपोटी तयार बसलेले. एक फोन केला असता, तर सगळं सोमवारवर गेलं असतं. तिने चिमट्याने कड धरली आणि ओढली. नखाएवढा पापुद्रा फाटला. एवढ्याने काय होतंय, असं स्वतःला समजावून तिने तो तसाच पाठवला आणि कुणाला सांगितलं नाही.

पापुद्रा डोळ्यावर रुजला नाही. "पुन्हा कातडं घेऊ, पुन्हा करू," डॉक्टर म्हणाले. खंडोजीरावांनी हात जोडले. "ऐंशी वर्षांचं कातडं, ते काय रुजणार! पोरीची मेहनत पुन्हा मातीत कशाला घालू?"

चारुलता तिथेच उभी होती. कातडं उत्तम होतं, घाई मी केली, एवढं ती बोलली असती, तर ते दुसऱ्यांदा तयार झाले असते. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला दाब वाढून आतली नस गेली. आता पापुद्रा बसवून उपयोग नाही. ते ऐकून ती प्रयोगशाळेच्या जिन्यावर बसून ओक्साबोक्शी रडली, पण आता त्या रडण्याला काय चाटायचं होतं?

आता दर रविवारी ती बसने धारला जाते आणि काकासाहेबांना वाचून दाखवते. अडखळते, ते न चिडता शब्द सुधारतात. परवा बदनावर गावाहून पाहुणे आले होते. खंडोजीरावांनी चाचपून तिचा हात धरला आणि कौतुकाने सांगितलं, "ही आमची चारू. माझ्या डोळ्यासाठी जिवाचं रान केलं हिने. माझंच कातडं कुचकामी निघालं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. चारुलताने तोंड उघडलं.

"हं," खंडोजीराव म्हणाले, "कुठवर आलो होतो?"

तिने ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे वाचायला लागली.