टाळू भरताना काय बोलू नये

आमच्या ह्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, पण डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. बीपी जास्त. दोनदा तारीख दिली, दोनदा घरी पाठवलं. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, पेपर हेच त्याचं ऑफिस, डावा डोळा आधीच अधू, आणि अक्षर दिसेना. मग मी वाचून दाखवायची. तर म्हणत, "लिहिलंय तेवढंच वाच नं. मधात आपलं मत काहून टाकतेस?"

आमची नात इकडे हिंदी मुलखात वाढली, तिला मराठी समजते पूर्ण, बोलता येते अर्धी. तिनं मोबाइलमध्ये शोधलं. "आजी, हेड मसाजनं ना, नसा एकदम रिलॅक्स होतात. धड़कन धीमी होते. आबांना रोज करा."

म्हटलं, बाई, हे तर माझ्या आईलाही माहीत होतं, तिच्याजवळ फक्त मोबाइल नव्हता. पोर जन्मलं की टाळू भर, लग्न ठरलं की टाळू भर, नापास झालं तर आधी पाठ आणि मग टाळू. मज्जासंस्था हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता, पण घरातल्या सगळ्यांची मज्जासंस्था तिनं तिळाच्या तेलावर चालवली.

तर रोज सकाळी आंघोळीच्या आधी हे पाटावर, मी मागे स्टुलावर, वाटीत कोमट तेल. नात बीपीचं मशीन घेऊन समोर. आधी मोजायचं, नंतर मोजायचं. पहिल्या दिवशी मसाजनंतर बीपी वाढलं. दुसऱ्या दिवशी आणखी वाढलं. मग तेलावर संशय गेला. तिळाचं गेलं, खोबरेल आलं. गढा बाजारातला दुकानदार म्हणाला, "दीदी, सरसों लगाइए." ते मोहरीचं तेलही थापलं. घरभर लोणच्याचा वास, बीपी तिथंच. पुण्याच्या लेकानं आठ पायांचं एक मशीन पाठवलं. हे म्हणाले, डोक्यावर कोळी चालून राहिला आहे. ते कपाटात गेलं.

एका सकाळी नातीनं मोबाइल भिंतीला टेकवून मसाजचा व्हिडिओ काढला आणि दुपारी आम्हाला दाखवला. पडद्यावर ह्यांचं डोकं, माझे हात, आणि माझा आवाज. "गीझरचं केव्हाचं सांगून राहिली मी. तुमच्या बहिणीनं नेलेली पैठणी आली काय परत? अन् त्या लग्नात मला मागच्या रांगेत बसवलं, तुम्ही चुप." वीस मिनिटं. मधात तेल घ्यायला थांबले तेवढीच शांतता.

आता खरं सांगते. दिवसभर हा माणूस हाती लागत नाही. बोलायला गेलं की भाजी आणायला निघतो. पण तेल थापलेला नवरा उठून जाऊ शकत नाही. माझी आईही हेच करायची. टाळू भरताना बाबांचं तोंड वाकडं व्हायचं, मला वाटे तेल डोळ्यात गेलं असेल.

नातीनं माझं बीपी मोजलं. "आजी, आपका तो परफेक्ट आहे." म्हणजे मसाज लागू पडत होता, फक्त चुकीच्या माणसाला.

मी तोंड शिवलं. दुसऱ्या दिवशी एक शब्द नाही. पाच मिनिटांत ह्यांनी मान वळवली. "काय झालं?"

"काही नाही."

"लेकाचा फोन आला होता काय?"

"नाही जी."

"मग डॉक्टर माझ्याबद्दल काही बोलले. लपवून राहिली तू." मग हळूच म्हणाले, "मी तर हा डोळा गेलाच समजतो."

पाटाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती. त्या दिवशी आकडा सगळ्यात वर गेला, आणि मला पहिल्यांदा समजलं की हे किती भिऊन आहेत.

रात्रभर विचार केला. चेरीताल मोहल्ल्यातल्या न्हाव्याकडून हे नेहमी डोलत येतात, आणि तो तर माझ्याहून जास्त बोलतो. फरक काय? तो दुसऱ्यांच्या घरातलं बोलतो.

सकाळी तेल लावता लावता सुरू केलं, "ऐकलं काय, समोरच्या बँकवाल्यांच्या जावयानं लग्नात दिलेला कूलर बदलून मागितला."

ह्यांचे खांदे खाली आले. "अच्छा. मग?"

मग काय, अख्खी गल्ली मी त्यांच्या टाळूत जिरवली. दुसऱ्याच्या घरातलं भांडण खोबरेलाहून थंड असते. पंधरा दिवसांत आकडा उतरला, डॉक्टरांनी मान डोलावली, आणि ऑपरेशन झालं.

पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन हे माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी पदर सारखा केला. हे म्हणाले, "पंख्यावर किती धूळ आहे."

तेव्हापासून ह्यांना सगळं दिसते. डब्यांची चिकट झाकणं दिसतात, देवघरामागचं जाळं दिसते. महिन्याभरात नातीनं माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा पाहून कपाळाला हात लावला. "चलो आजी, अब आपकी बारी."

मी पाटावर बसले. हे स्टुलावर. हात चांगला आहे हो ह्यांचा, अंगठा बरोबर टाळूवर फिरत होता. मी डोळे मिटले.

"ते खिडकीच्या जाळीचं म्हणत होतो," हे मागून म्हणाले.

तेल कानामागून ओघळून मानेवर आलं होतं. अशी उठून जाणार कुठे.